अर्धशिशी आणि अपस्मार : नाते किती रक्ताचे?

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कार्यवृत्त आणि जमाखर्च यांच्या जोडीने एखाद्या आजाराची शास्त्रीय माहिती देणारा लेख असावा, असा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्हांला रुग्णांच्या नातेवाइकांनीच सुचवला, असे म्हणावयास हरकत नाही. मेंदूविकार बाह्यरुग्ण विभागात एकच प्रश्न वर्षभर निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. "माझी अर्धशिशी मुलाकडे फीट होऊन गेली का?" असे आई विचारते. "घरात फिटचा आजार आहे, आता धाकटीचे डोके दुखू लागले, ही त्याचीच सुरुवात तर नव्हे?" असे वडील विचारतात. आणि बाकीचे बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून, आजी विचारते, "स्थळाकडच्यांना काय सांगायचं?"

या प्रश्नांना एका शब्दात उत्तर देता येत नाही. अर्धशिशी आणि अपस्मार यांत काहीतरी नाते आहे, हे वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ते नाते कोणत्या प्रकारचे, हे मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उलगडू लागले. जे उलगडले ते बहुतेक कुटुंबांच्या मनातील भीतीपेक्षा पुष्कळ सौम्य आहे. थोड्या घराण्यांत मात्र ते इतके महत्त्वाचे ठरते की औषधाची निवडच त्याने बदलते. आपले घर यांपैकी कोणत्या गटात मोडते हे ठरविण्याचे पहिले साधन कोणतेही महागडे यंत्र नसून कुटुंबाने दिलेली माहिती हेच आहे, आणि नेमकी तीच आम्हांला अपुरी मिळते. म्हणून हा लेख.

शेजारी असलेले दोन आजार

आयुर्वेदाच्या ग्रंथांत अर्धशिशीला अर्धावभेदक आणि फिटच्या आजाराला अपस्मार म्हटले आहे. दोन्ही आजार इतके जुने असले तरी त्यांना शेजारी ठेवून पाहण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ सर विल्यम गॉवर्स यांनी १९०७ मध्ये 'अपस्माराचा सीमाप्रदेश' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मूर्च्छा, भोवळ आणि झोपेतील काही विकार यांच्याबरोबर अर्धशिशीलाही त्यांनी स्थान दिले. हे आजार एकच आहेत असा त्यांचा दावा नव्हता. ते एकमेकांना लागून आहेत, म्हणून गल्लत होऊ नये यासाठी मधली सीमारेषा नीट ओळखावी, असा त्यांचा रोख होता.

ही गल्लत आजही होते, कारण साम्ये खरोखरच पुष्कळ आहेत. दोन्ही आजार झटक्यांनी येतात आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस धडधाकट असतो. जागरण दोघांनाही मानवत नाही. लुकलुकणारा प्रकाश आणि मासिक पाळीचे दिवस यांनी दोन्ही आजार काही रुग्णांत उसळी घेतात. दोहोंतही मुख्य झटक्यापूर्वी काही जणांना पूर्वलक्षणे जाणवतात. त्यांना डॉक्टर 'ऑरा' म्हणतात. डोळ्यांपुढे काहीतरी चमकते, हाताला मुंग्या येतात, शब्द सापडत नाहीत. फीट येऊन गेल्यानंतर डोके ठणकणे, मळमळणे हेही अगदी सर्रास घडते. नातेवाईक आणि रुग्ण फिटच्या धसक्यात असल्याने त्याची कोणी वाच्यता करीत नाही, एवढेच.

वेगळेपणा ओळखण्याची सर्वांत सोपी खूण घड्याळात आहे. अर्धशिशीचे पूर्वलक्षण सावकाश, निदान पाच मिनिटे घेऊन पसरते आणि साधारणपणे तासाभराच्या आत ओसरते. अपस्माराचे पूर्वलक्षण काही सेकंदांचे, फार तर दोन-तीन मिनिटांचे असते. अर्धशिशीत डोळ्यांपुढे दिसणारी रेषा बहुधा नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी आणि पांढरी-काळी असते. मेंदूच्या मागील भागातून उठणाऱ्या अपस्मारात बहुधा रंगीत, गोल आकार दिसतात. अशा अपस्माराच्या मुलांना झटक्यानंतर डोकेदुखी आणि उलटीही होते. त्यामुळे 'पोराला आईसारखी अर्धशिशी आहे' असे समजून वर्ष-दोन वर्षे निघून गेल्याची उदाहरणे आमच्याकडे येतात. मुलाच्या हाती रंगपेटी देऊन 'तुला काय दिसतं ते काढून दाखव' असे सांगण्याची पद्धत आम्ही यासाठीच ठेवली आहे. तिचा उपयोग किती होतो हे पाहून नवशिके डॉक्टर चकित होतात.

हा वेगळेपणा का, याचा शोध एका अनपेक्षित वाटेने लागला. १९४१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्याच अर्धशिशीत डोळ्यांपुढे सरकणाऱ्या चमकदार रेषेची कागदावर नोंद ठेवली आणि हिशेब केला, की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या वेगाने पुढे सरकत असावे. पुढे तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करणारे ब्राझीलचे तरुण शास्त्रज्ञ आरिस्तिदेस लेआओ यांनी सशांच्या मेंदूवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना खरे तर अपस्माराचा अभ्यास करावयाचा होता. मेंदूला विजेची चेतना दिल्यावर झटक्यासारखी विद्युत्‌क्रिया उसळेल, या अपेक्षेने ते आलेख पाहत होते. त्याऐवजी मेंदूची क्रिया मंदावत गेली आणि ती मंदी ओल झिरपावी तशी संथपणे चोहीकडे पसरली. वेग लॅशली यांच्या हिशेबाशी जुळणारा निघाला. आज अर्धशिशीच्या पूर्वलक्षणाचे कारण हीच संथ लाट मानली जाते, आणि २००१ मध्ये रुग्णाला झटका चालू असताना घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमांतही तिच्यासारखीच सरकणारी प्रक्रिया दिसून आली.

म्हणजे अपस्मारात चेतापेशींचा एखादा समूह एकाच वेळी अतिरेकाने पेटून उठतो. अर्धशिशीत पेशी क्षणभर पेटतात आणि मग दीर्घकाळ विझल्यासारख्या होतात, व ही विझण्याची लाट पुढे सरकते. परिणाम भिन्न असले तरी उगम एकच आहे, तो म्हणजे सहज चेतवला जाणारा मेंदू. दोन आजारांचे नाते शोधावयाचे ते येथे.

घराण्यांची मोजदाद

मेंदूची ही चेतनशीलता रक्तातून येते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी शेकडो कुटुंबांची माहिती गोळा करावी लागते. न्यूयॉर्कच्या रूथ ऑटमन आणि रिचर्ड लिप्टन यांनी १९९४ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. अपस्माराच्या रुग्णांत अर्धशिशीचा धोका, अपस्मार नसलेल्या त्यांच्याच नातेवाइकांच्या तुलनेत, सुमारे २.४ पट आढळला. हा आकडा आजही सर्वत्र उद्‌धृत केला जातो. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की डोक्याला मार लागून अपस्मार जडलेल्या रुग्णांतदेखील अर्धशिशी अधिक होती. तो अपस्मार तर वारशाने आलेला नव्हता! १९९६ मध्ये या दोघांनी पुढील विश्लेषण केले आणि सामाईक आनुवंशिकतेच्या कल्पनेला आपल्या माहितीतून आधार मिळत नाही, असा निष्कर्ष प्रांजळपणे मांडला. कारण कोणतेही असो, मेंदूची एक विशिष्ट अवस्था दोन्ही आजारांना वाट करून देत असावी, असे त्यांचे मत पडले.

तेथे हा विषय सुमारे सतरा वर्षे थांबला. २०१३ मध्ये मेलोडी विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकाहून अधिक व्यक्तींना अपस्मार आहे अशी ५०१ कुटुंबे आणि त्यांतील ७३० रुग्ण घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. अपघात, गाठ, जंतुसंसर्ग अशा बाह्य कारणाने झालेला अपस्मार त्यांनी मुळातच वगळला होता. ज्या रुग्णांच्या अगदी जवळच्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडे वा मुले यांत, आणखी दोन किंवा अधिक जणांना अपस्मार होता, त्यांच्यात पूर्वलक्षणांसह येणारी अर्धशिशी ठळकपणे अधिक आढळली. पूर्वलक्षणांविना येणाऱ्या साध्या अर्धशिशीत मात्र असा फरक दिसला नाही. दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. आमच्या मते ते तसे नाहीत. पहिल्या अभ्यासात सर्व प्रकारची घरे एकत्र मोजली गेली. दुसऱ्याने ज्या घरांत आनुवंशिकतेचे वजन भारी, तीच निवडली. नाते आहे ते मोजक्या घराण्यांत आणि विशिष्ट प्रकारच्या अर्धशिशीशी आहे.

येथे एक व्यावहारिक मुद्दा नजरेआड होऊ नये. अर्धशिशी जगात साधारणपणे सात माणसांत एकास असते, आणि स्त्रियांत पुरुषांच्या दोन-तीन पट. इतका सामान्य आजार कोणत्याही मोठ्या कुटुंबात कोणाला ना कोणाला असणारच. भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीहून अधिक आहेत. तेव्हा एकाच घरात दोन्ही आजार असणे हे पुष्कळदा केवळ योगायोगाचे असते.

जनुके काय सांगतात

चेतापेशीच्या आवरणात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम या क्षारांच्या विद्युत्‌भारित कणांना ये-जा करू देणारी सूक्ष्म द्वारे असतात. पाटाच्या पाण्याला जशा झडपा असतात, तशीच ही व्यवस्था. झडप वेळेवर उघडली आणि वेळेवर मिटली तर संदेश नीट वाहतो. या झडपा कशा घडवाव्यात याचा आराखडा जनुकांत असतो, आणि आराखड्यातील एखाद्या अक्षराची चूक पुढील पिढीकडे जाऊ शकते.

दोन आजारांचे रक्ताचे नाते ज्यात निर्विवाद दिसते तो अर्धशिशीचा एक विरळा प्रकार आहे. त्यात झटक्याच्या वेळी शरीराची एक बाजू काही काळ लुळी पडते. हा प्रकार दहा हजारांत सुमारे एकास होतो, आणि घराण्यात चालत आलेला असल्यास पालकाकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. त्याचे पहिले जनुक १९९६ मध्ये एकोणिसाव्या गुणसूत्रावर सापडले. ते कॅल्शियमच्या झडपेचे आहे. दुसरे २००३ मध्ये पहिल्या गुणसूत्रावर सापडले. ते पेशीबाहेर साचलेले पोटॅशियम उपसणाऱ्या पंपाचे आहे. तिसरे, एससीएन-१-ए या नावाचे, २००५ मध्ये दुसऱ्या गुणसूत्रावर सापडले. ते सोडियमच्या झडपेचे आहे. या तिन्ही जनुकांच्या दोषांत काही कुटुंबांमध्ये अपस्मारही आढळतो. पहिल्या जनुकातील एका विशिष्ट दोषात तर डोक्याला किरकोळ टपली बसल्यासही मेंदूला धोकादायक सूज येऊ शकते.

तिसऱ्या जनुकाची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. अर्धशिशीत ते सापडण्याआधीच, २००० आणि २००१ मध्ये, अपस्माराच्या अभ्यासकांना ते ठाऊक झाले होते. तापात फिटा येणाऱ्या काही घराण्यांत त्याचे सौम्य दोष मिळाले. अर्भकावस्थेत सुरू होणाऱ्या ड्रॅव्हेट नावाच्या अतिशय गंभीर अपस्मारात त्याचे मोठे दोष मिळाले. ही झडप मुख्यतः अशा पेशींत असते, की ज्यांचे काम इतर पेशींना आवर घालण्याचे आहे. झडप निकामी झाली की आवर घालणारेच दुबळे होतात आणि फिटा येतात. याउलट अर्धशिशीच्या कुटुंबांत हीच झडप गरजेपेक्षा अधिक काम करते. त्यामुळे पेशींबाहेर पोटॅशियम साचते आणि लेआओ यांनी पाहिलेली ती संथ लाट उठते, असे अलीकडील प्रयोगांवरून दिसते. जनुक एकच असले तरी चूक उलटसुलट दिशांची आहे. 'अर्धशिशीचे रूपांतर फिटमध्ये झाले' ही समजूत चुकीची का, हे याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

सोळाव्या गुणसूत्रावरील पीआरआरटी-२ हे आणखी एक जनुक २०११-१२ मध्ये पुढे आले. त्याच्या दोषाने एकाच घरात तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षात फिटा येतात आणि दोन वर्षांच्या आत बहुधा थांबतात. किशोरवयीन काकाला एकदम उठून धावू लागताच हातपाय वेडेवाकडे होतात. आणि एखाद्या आत्याला एक बाजू लुळी पडणारी अर्धशिशी असते. तिघे तीन डॉक्टरांकडे जातात आणि तिघांची नावे तीन आजारांखाली नोंदली जातात.

हे झाले विरळ्या घराण्यांविषयी. सर्वसामान्य अर्धशिशी आणि सर्वसामान्य अपस्मार यांत एकच एक जनुक नसते. शेकडो जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो. २०२२ मध्ये एक लाखाहून अधिक रुग्णांच्या तपासणीतून अर्धशिशीशी संबंधित १२३ जनुकस्थाने निश्चित झाली. २०२३ मध्ये अपस्माराच्या सुमारे तीस हजार रुग्णांतून २६ जनुकस्थाने मिळाली. त्याआधी २०१८ मध्ये मेंदूच्या पंचवीस विकारांची आनुवंशिकता परस्परांशी ताडून पाहणारा एक विशाल अभ्यास झाला होता. मानसिक आजारांची मुळे एकमेकांत गुंतलेली आढळली. मेंदूविकारांची मात्र बरीचशी आपापल्या जागी, वेगवेगळी. अर्धशिशी असणाऱ्या आईने मुलाच्या फिटचा दोष स्वतःकडे घेण्याचे कारण नाही, असे आम्ही म्हणतो ते याच आधारावर.

पित्त, चक्कर आणि बाहेरची बाधा

आता वर उल्लेखिलेल्या अपुऱ्या माहितीविषयी. आमच्याकडे कुटुंबाचा इतिहास विचारताना 'घरात कोणाला अर्धशिशी आहे का?' या प्रश्नाला बहुधा नकारार्थी उत्तर येते. 'कोणाला पित्ताचा त्रास आहे का?' असे विचारले की आई, मावशी, आजी अशी रांग लागते. उन्हातून आले की, जेवण चुकले की, एकादशीचा उपास झाला की डोके उठते. अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागते. उलटी झाली की उतार पडतो. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांची अर्धशिशी 'पित्त' या नावाखाली आयुष्यभर दडून राहते. पुरुषांची ती 'सायनस' म्हणून राहते.

अपस्मारही असाच दडतो, पण निराळ्या कारणाने. 'चक्कर येऊन पडायचा', 'दातखीळ बसायची', 'अंगात यायचे', 'बाहेरचे काही होते', 'लहानपणी झटके यायचे पण ते तापाचे' अशा वाक्यांत तो सापडतो; आणि विवाहित मुलीविषयी असेल तर तोही सापडत नाही. एक आजार फार सामान्य वाटतो म्हणून सांगितला जात नाही. दुसरा लाज वाटते म्हणून लपवला जातो. मग दोहोंचे नाते डॉक्टरांना दिसणार कसे?

येथे एका मुलीची हकीकत देतो. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. बारावीत शिकणाऱ्या या मुलीला डोकेदुखीसाठी आणले होते. वेदना एका बाजूची, ठणकणारी, म्हणजे अर्धशिशीच. बोलता बोलता आई म्हणाली की मुलगी धांदरट आहे, सकाळी हातातला चहाचा कप हमखास सांडते. परीक्षेच्या जागरणांनंतर तिला एक मोठी फीटही आली होती आणि दुसरीकडे त्यासाठी कार्बामाझेपीन सुरू झाले होते; त्यानंतर सकाळचे हिसके वाढले होते. सकाळचे हिसके, जागरणाने वाढ आणि किशोरवय ही एका विशिष्ट, आनुवंशिक धाटणीच्या अपस्माराची ठेवणीतील लक्षणे आहेत. अर्धशिशी या अपस्माराची नेहमीची सोबती आहे, आणि कार्बामाझेपीन त्यात हिसके वाढवू शकते. मेंदूच्या विद्युत्‌आलेखाने, म्हणजे ई.ई.जी.ने, निदान पक्के केले. आईला 'पित्त' होतेच. मामाही 'सकाळी थरथरायचा' हे तिसऱ्या भेटीत कळले. औषध बदलले, झोपेची वेळ ठरली, हिसके थांबले. डोकेदुखी महिन्यातून एखाद्या वेळी येते. तिला वेगळे रोजचे औषध लागले नाही.

औषधाची निवड

दोन आजारांच्या नात्याचा रुग्णाला सर्वांत थेट उपयोग औषधाच्या निवडीत होतो. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही अपस्माराची औषधे अर्धशिशीचे झटके रोखण्यासही उपयोगी पडतात. दोन्ही आजार असणाऱ्याला एका गोळीत दोन कामे साधण्याची सोय, आणि गरीब कुटुंबाला खर्चाचीही बचत. अपस्मारावरील सर्वच औषधे अर्धशिशीला चालत नाहीत, हे मात्र लक्षात असावे.

या सोयीला एक मोठी अट आहे. गर्भारपणात आई व्हॅल्प्रोएट घेत असेल तर शंभरातील सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि तीस ते चाळीस बाळांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. त्यामुळे मुली आणि मातृत्वाच्या वयातील स्त्रिया यांना केवळ अर्धशिशीसाठी हे औषध देऊ नये, आणि अपस्मारासाठीही अन्य उपाय चालत असल्यास टाळावे, असा आमचा दंडक आहे. टोपिरामेटही गर्भाच्या दृष्टीने निर्धोक नाही. त्याने वजन घटते, बोटांना मुंग्या येतात आणि मूतखड्याचा संभव वाढतो. ज्यांना ही औषधे चालू आहेत त्यांनी हे वाचून ती आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण अचानक औषध तोडल्याने सलग फिटा येऊन जिवावर बेतते. पुढल्या भेटीची वाट न पाहता येऊन बोलावे.

उलट दिशेनेही काळजी घ्यावी लागते. अर्धशिशीसाठी सर्रास दिले जाणारे अमिट्रिप्टिलीन फिटचा इतिहास असणाऱ्यास जपून द्यावे लागते. पूर्वलक्षणांसह अर्धशिशी असणाऱ्या स्त्रियांत संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन चालू असेल तर त्याच गोळ्यांचा प्रभाव घटून नको असता दिवस राहू शकतात. ड्रॅव्हेट प्रकारच्या बाळांत कार्बामाझेपीन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजीन यांनी फिटा वाढतात. अशा बाळांना तापाप्रमाणेच कढत पाण्याच्या आंघोळीनेही फीट येते. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कढत पाण्याने न्हाऊ घालण्याची रीत असल्याने ही खूण आजीच्या लक्षात आधी येते. अशा वेळी तिचे म्हणणे कृपया हसण्यावारी नेऊ नका.

आजीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

'स्थळाकडच्यांना काय सांगायचं?' या प्रश्नाचे निम्मे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख विवाहाच्या आड येणाऱ्या बाबींत झाला होता. १९९९ मध्ये तो शब्द काढून टाकण्यात आला. विशेष विवाह कायद्यातूनही तो गेला. त्याला आता पंचवीस वर्षे उलटून गेली, तरी जुना कायदा तोंडपाठ असणारे मध्यस्थ आजही भेटतात.

उरलेले उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील दीर्घ नोंदींवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अपस्माराच्या रुग्णाच्या अगदी जवळच्या नातेवाइकांपैकी सुमारे ४.७ टक्क्यांना चाळिशीपर्यंत अपस्मार होतो. सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण १.३ टक्के आहे. म्हणजे शंभरांतील पंच्याण्णव जवळच्या नातेवाइकांना तो होत नाही. शिवाय आपल्याकडील अपस्माराचा मोठा भाग वारशाचा नसतोच. बाळंतपणात बाळाला झालेली इजा, अपघात, मेंदूज्वर आणि फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी ही त्याची कारणे आहेत. या गाठी शाकाहारी घरांतही होतात, कारण अंडी अस्वच्छ हात आणि न धुतलेला भाजीपाला यांतून पोटात जातात. अशा रुग्णाच्या मुलांना आजाराचा वारसा मिळण्याचा प्रश्नच नसतो. तेव्हा लग्न ठरविताना आजार आणि चालू औषधे यांविषयी खरे सांगावे, असाच सल्ला आम्ही देतो. लपवलेल्या आजारात औषधही लपवून घ्यावे लागते. ते चुकते, आणि फीट सासरी येते. दोन्ही घरच्या मंडळींना एकत्र बसवून समजावण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली आहे आणि त्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

जनुकतपासणी प्रत्येकाने करून घ्यावी काय, असेही विचारले जाते. नको. वर्षाच्या आतील बाळाला वारंवार फिटा येत असतील, झटक्यात एक बाजू लुळी पडत असेल, किंवा तीन पिढ्यांत हे आजार ठळकपणे उतरत आलेले दिसत असतील, तर ती उपयोगी पडते. एरवी खर्च वाया जातो आणि अर्थ न लागणाऱ्या निष्कर्षाने घरात चिंता मात्र शिरते.

नोंदणीच्या खिडकीवर आता केसपेपरबरोबर तीन पिढ्यांच्या वंशावळीचा एक कोरा कागद दिला जातो. त्यावर आई आणि वडील या दोन्ही बाजूंच्या प्रत्येकापुढे फीट, झटके, तापातील झटके, एका बाजूचे डोके दुखणे, उलटीने उतरणारे 'पित्त' यांपैकी जे असेल त्यावर खूण करावी. कोणत्या वयात सुरू झाले, तेही आठवत असल्यास लिहावे. झटका येत असताना कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल तर ते पुसून टाकू नये. डोकेदुखीसाठी महिन्यातून किती दिवस गोळी घेतली जाते, हा आकडा खरा लिहावा. दहा-पंधरा दिवसांपेक्षा अधिक गोळ्या घेतल्याने डोकेदुखी उलट वाढते. कागद दुसऱ्या कोणाला दाखवला जात नाही. आजीच्या माहेरची माहिती बहुतेकांना नसते. ती जागा कोरी ठेवून द्यावी. पुढल्या खेपेला आजी स्वतःच येऊन ती भरून देते, असा आमचा अनुभव आहे.